वाचनालयाचे तीन जुने संगणक आणि विंडोज ११ : कुठे काय अडते आहे?

प्रश्न : वाचनालय-सत्तरी

नमस्कार.

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका गावाच्या वाचनालयाची मी कार्यवाह आहे. निवृत्त शिक्षिका असल्याने पुस्तकांची सवय आहे, संगणकाच्या आतल्या भागांची नाही. म्हणून प्रश्न थोडा विस्ताराने मांडते. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे आम्हाला आधीपासून माहीत होते. पावसाळ्यात वीज सारखी जाते म्हणून हे काम चवथीनंतर करू असे समितीने ठरवले, आणि चवथीनंतर ते दिवाळीच्या पलीकडे गेले. आता तिन्ही संगणकांना हात लावला, तर तिन्ही ठिकाणी वेगवेगळी अडचण निघाली.

पहिला संगणक २०१६ मध्ये घेतलेला आहे. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. देवघेव याच्यावरच चालते आणि सुमारे साडेसात हजार पुस्तकांच्या दाखल नोंदी याच्यातच आहेत. विंडोज ११ साठीची तपासणी चालवली तेव्हा टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) सापडत नाही आणि प्रोसेसर यादीत बसत नाही, असे दोन शेरे आले. शिवाय याच संगणकावर विंडोज १० चे एक अपडेट जानेवारी २०२४ पासून दर वेळी ०एक्स८००७०६४३ हा एरर देऊन थांबते.

दुसरा संगणक २०१३ चा असून तिसऱ्या पिढीचा आय३ आणि ४ जीबी रॅम असा आहे. तो मुले वापरतात. त्याच्यावर कोणतेही अपडेट उतरतच नाही आणि ०एक्स८००७२एफ८एफ असा एरर दिसतो. चवथीला वाचनालय आठ दिवस बंद होते. उघडून संगणक सुरू केला तेव्हा त्यावर १ जानेवारी २०१३ ही तारीख होती. मी ती दुरुस्त केली, पण संध्याकाळी मुख्य बटण बंद करून सकाळी लावले की तारीख पुन्हा मागे जाते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे मला कळत नाही.

तिसरा एका सभासदाने दिलेला कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा लॅपटॉप आहे. २०२३ मध्ये एका तंत्रज्ञाने त्यावर विंडोज ११ ची २२एच२ ही आवृत्ती घालून दिली होती. ती सावकाश, पण चालत होती. आता २४एच२ घातल्यापासून तो बोधचिन्हापर्यंत येतो, बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो, असे फेरे चालू आहेत.

तीन नवे संगणक घेण्याइतका निधी आमच्याकडे नाही. तिन्हींपैकी कोणता वाचवता येईल, कोणत्यावर कष्ट घेऊ नयेत आणि सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

उत्तर : दुरुस्ती-फोंडा

ताई, दुसऱ्या संगणकापासून सुरुवात करतो, कारण त्याचे दुखणे सर्वांत स्वस्त आहे आणि तुम्ही ते स्वतःच ओळखत आणले आहे. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. तिचा क्रमांक सीआर २०३२. वीज नसताना संगणकाचे घड्याळ तीच चालवते. ती संपली की मुख्य बटण बंद करताच घड्याळ बायोसमधल्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या, तारखेवर जाऊन बसते. अपडेट देणाऱ्या सर्व्हरशी जोडणी होताना संगणक त्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतो आणि त्या प्रमाणपत्राला सुरुवातीची व शेवटची तारीख असते. २०२५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र २०१३ मध्ये बसलेल्या संगणकाला अजून लागू न झालेले दिसते, म्हणून तो जोडणीच नाकारतो. तुम्हाला दिसणारा एरर बहुतेक वेळा याच कारणाने येतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर अशी यंत्रे नेहमी दुरुस्तीला येतात, कारण विजेच्या भीतीने लोक महिना-महिना प्लग काढून ठेवतात आणि तेवढे दिवस ती एवढीशी बॅटरी एकटीच घड्याळ ओढत राहते.

बॅटरी कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. पेटी उघडलीच आहे तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून घ्या आणि रबराचा चुरा नीट झटका. आपल्या दमट हवेत त्या दातांवर पातळ थर चढतो, आणि अपडेट अर्ध्यावर असताना संगणक गोठण्याचे ते एक खरे कारण असते. पहिल्या संगणकाची बॅटरीही नऊ वर्षांची आहे, तीही बदला. तिथे मात्र आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. बॅटरी काढली की तिथल्या निवडी मूळपदावर येतात. हार्ड डिस्कच्या जोडणीची एएचसीआय ही निवड बदलली गेली, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते आणि डिस्क गेली असे समजून लोक घाबरतात. प्रत्यक्षात ती एक निवड परत केली की सारे जागेवर येते.

आता लॅपटॉप. विंडोज ११ साठी त्याच्यावर वेळ घालवू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई४.२ या सूचना (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञा) असणे अनिवार्य झाले आहे. कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत. २००८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या आय मालिकेपासून त्या मिळू लागल्या. टीपीएमची अट इन्स्टॉल करतानाच तपासली जाते, त्यामुळे ती टाळणाऱ्या युक्त्या निघाल्या. ही अट तशी नाही. प्रोसेसरला जी सूचना कळतच नाही ती समोर आली की तो थांबतो, आणि त्यावर कोणतीही नोंद बदलून इलाज होत नाही. जुन्या २२एच२ वर परत जाण्यातही अर्थ नाही, कारण घरगुती व प्रो प्रकारांसाठी तिची सुरक्षा अपडेट ८ ऑक्टोबर २०२४ लाच बंद झाली.

पहिल्या संगणकावर थांबणारे ते जानेवारी २०२४ चे अपडेट विंडोजच्या दुरुस्ती-विभागासाठी आहे. डिस्कवर हा एक लपवलेला छोटा विभाग असतो आणि त्यात २५० एमबी मोकळी जागा नसेल तर हाच एरर येतो. मुख्य सी ड्राइव्ह थोडा आक्रसून तो विभाग वाढवता येतो, पण विभागांशी खेळताना एक आकडा चुकला तर सगळ्या नोंदी जाऊ शकतात. दर महिन्याची इतर अपडेट बसत असतील तर या एकासाठी तो धोका तुम्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या अपडेटने जी त्रुटी बुजते ती बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कशी संबंधित आहे, आणि तुमच्या संगणकावर टीपीएमच सापडत नाही म्हणता, तेव्हा बिटलॉकर चालू असण्याची शक्यता फार कमी.

उत्तर : हिशेबनीस-म्हापसा

मी हिशेबाची कामे करतो. माझ्या कचेरीतही सहाव्या पिढीचाच आय५ आहे आणि गेले वर्षभर त्याच्यावर विंडोज ११ व्यवस्थित चालते, म्हणून अनुभव सांगतो.

टीपीएम सापडत नाही याचा अर्थ तो नाहीच असा नसतो. सहाव्या पिढीच्या बहुतेक इंटेल संगणकांत तो प्रोसेसरच्या बरोबरच येतो आणि बायोसमध्ये पीटीटी या नावाने बंद करून ठेवलेला असतो. तो चालू केला की पहिला शेरा जातो. माझी डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती. ती विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने बदलली, बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर नेला आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू केले. राहिला प्रोसेसर. विंडोज ११ ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरची यादी काही अपवाद वगळता २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे तो शेरा कायम राहतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, एक नोंद घातली की सेटअप त्या शेऱ्यापाशी अडत नाही. ही नोंद मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली होती. पुढे ती सूचना आपल्या पानावरून काढून टाकली.

दर महिन्याची सुरक्षा अपडेट मला मिळतात. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र आपोआप समोर आली नाही. पाच जीबीहून मोठी फाइल उतरवून ती मला हाताने चढवावी लागली. त्याआधी मी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान, न फिरणारी डिस्क) बसवली होती, आणि खरे सांगायचे तर संगणक वेगवान झाला तो तिच्यामुळे.

उत्तर : दुरुस्ती-फोंडा

हिशेबनीस भाऊंनी सांगितलेली रीत बरोबर आहे आणि त्यांनी ती क्रमाने केली आहे. तरीही वाचनालयासाठी ती मला पटत नाही, आणि कारण तांत्रिकाइतकेच व्यवहाराचेही आहे. भाऊ स्वतःच्या यंत्रासमोर रोज बसतात. मोठी आवृत्ती आली नाही हे त्यांच्या लक्षात येते आणि ती चढवण्याचे कसब त्यांच्याकडे आहे. वाचनालयात दर काही वर्षांनी समिती बदलते. आज कुणीतरी घातलेली रजिस्ट्रीची नोंद उद्याच्या कार्यवाहांना माहीत नसते, आवृत्तीची मुदत संपते, आणि अद्ययावत आहे या समजुतीने संगणक उघडा राहतो. तुमच्या लॅपटॉपचे नेमके हेच झाले आहे, ताई. अट पूर्ण न करणाऱ्या यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही, असे कंपनीने स्पष्ट लिहिलेले आहे. आज ती मिळतात, पण त्या भरवशावर साडेसात हजार नोंदी ठेवू नयेत.

विंडोज १० वरच राहून मुदत वाढवण्याचा मार्गही तुमच्या कानावर आला असेल. घरगुती वापरासाठीच्या योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंगचा बॅकअप घेतला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर एकदाच ३० डॉलर, आणि एका खात्यावर १० संगणकांपर्यंत ती चालते. अट एवढीच की विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असावी. मात्र ही सवलत वैयक्तिक संगणकांसाठी आहे. संस्थांसाठी वेगळी योजना असून तिचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आहे, तो दर वर्षी दुप्पट होतो आणि जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येतो. नोंदणीकृत वाचनालयाने खासगी खात्यावरची सवलत वापरणे मला योग्य वाटत नाही. तीन वर्षांचे मिळून एका यंत्रामागे ४२७ डॉलर होतात. तेवढ्यात आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, कचेरीतून निघालेला पण चांगल्या स्थितीतला संगणक मिळण्यासारखा असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्रासाठी मी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली सुचवीन, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, ती आधी चालवून पाहता येते. मुलांना दोन दिवस तशीच वापरू द्या, प्रिंटर आणि वायफाय तपासा, मगच घाला. दोन्ही यंत्रांत साधी २५० जीबीच्या आसपासची साटा एसएसडी बसवा. लॅपटॉपची रॅम ४ जीबीपेक्षा कमी असेल तर तेवढी करून घ्या.

उत्तर : अक्षरजुळणी-पणजी

मी बरीच वर्षे छापखान्यात अक्षरजुळणीचे काम केले, म्हणून एक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्या संगणकावर कुणीही काही करू नये, अशी कळकळीची विनंती करतो. त्या दाखल नोंदी कोणत्या अक्षरांत आहेत? एखाद्या पुस्तकाचे नाव संगणकावरून उचलून फोनवर स्वतःला पाठवून पाहा. मराठीच दिसले तर नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या पद्धतीत, आहेत आणि काळजी नाही. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ दिसला, तर त्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत.

जुन्या फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवतो आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. तो फॉन्ट गेला की मजकूर गेल्यासारखाच. हे फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर येत, त्यांतली कित्येक डोंगलवर, म्हणजे संगणकाच्या पाठीमागे खोचलेल्या एका किल्लीवर चालत. त्या किल्लीचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर विंडोज ११ वर तो बसत नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. मी स्वतः एकदा घाईने विंडोज नव्याने घातली आणि एका संस्थेच्या स्मरणिकेची सगळी जुळणी उघडेनाशी झाली. छापील प्रत समोर ठेवून आम्ही ती पुन्हा अक्षर-अक्षर टंकली. म्हणून सांगतो, आधी नोंदी बाहेर काढा, त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, त्यांतली एक वाचनालयाच्या बाहेर.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे याच्या उलट, जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. शंभरेक नोंदी आधी रूपांतरित करून दाखल नोंदवहीशी ताडून पाहा.

आणखी एक. विंडोज नव्याने घातल्यावर मंगल फॉन्ट दिसत नाही म्हणून लोक घाबरतात. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट ऐच्छिक भागांत टाकले आहेत. सेटिंगमध्ये ऐच्छिक वैशिष्ट्यांतून देवनागरीचे पूरक फॉन्ट उतरवले की ते परत येतात. लिनक्सवर मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध आहे, तेव्हा मुलांचा सराव अडणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : वाचनालय-सत्तरी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे झाले ते क्रमाने कळवते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

दुसऱ्या संगणकाची बॅटरी वाळपईच्या बाजारातून आणली. पेटी उघडली तेव्हा आत पंख्याभोवती धुळीचा करडा थर होता आणि रॅमच्या दातांवर हिरवट डाग होते. खोडरबराने पुसताच ते पिवळे चमकले. बॅटरी बसवून तारीख लावली, रात्रभर प्लग काढून ठेवला. सकाळी तारीख बरोबर होती आणि ऑक्टोबरपर्यंतची सगळी अपडेट एका दुपारी उतरली. तरी तेवढ्यावर न थांबता, आपण सांगितल्याप्रमाणे पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिले आणि आठ दिवसांनी एसएसडी बसवून ते घातले. आमचा जुना लेझर प्रिंटर लगेच चालला नाही. त्याच्यासाठी एक जादा भाग इंटरनेटवरून उतरवावा लागला, तो उतरवल्यावर चालला. सहावीतल्या एका मुलीने मराठी कळफलक माझ्याआधी शोधून काढला.

लॅपटॉपचे काम अजून झालेले नाही, कारण त्यात २ जीबीच रॅम निघाली आणि त्या जुन्या प्रकारची पट्टी इथे मिळेना. म्हापशात चौकशी सांगून ठेवली आहे.

पहिल्या संगणकाबद्दल अक्षरजुळणी भाऊंची शंका खरी ठरली. एक नाव फोनवर पाठवले तर चिन्हांची रांगच आली. त्या दिवशी मला झोप लागली नाही, कारण महिनाभरापूर्वी याच संगणकावर विंडोज नव्याने घालायला मी निघाले होते. समितीपुढे सारे मांडले आणि असे ठरले की हा संगणक आहे तसाच ठेवायचा, त्याची इंटरनेटची तार काढून टाकायची आणि तो फक्त नोंदींसाठी वापरायचा. देवघेवीसाठी आठव्या पिढीचा एक वापरलेला संगणक घ्यायचा आणि त्याच्यावर अटी पूर्ण करणारी विंडोज ११ ठेवायची. नोंदींच्या दोन प्रती घेतल्या आहेत. एक माझ्या घरी आहे, दुसरी खजिनदारांकडे.

रूपांतराच्या पहिल्या शंभर नोंदी मी दाखल नोंदवही घेऊन ताडून पाहिल्या. वेलांट्या नीट आल्या आहेत. चूक सापडली ती एकाच ठिकाणी, पण ती सगळीकडे आहे: विभागाच्या नावात 'कादंबऱ्या' असायला हवे तिथे 'कादंबर्या' आले आहे, म्हणजे र चे अर्धे रूप जाऊन रफार बसला आहे. हे सरसकट शोधून बदलावे, तर 'पर्याय', 'आचार्य' यांसारख्या शब्दांत रफारच बरोबर आहे आणि ते बिघडतील. म्हणून अशा सगळ्या शब्दांची आधी यादी काढून एकेक शब्द तपासून बदलायचे ठरवले आहे. कालपर्यंत दोनशे दहा शब्द झाले. अशी यादी कुणी आधीच केलेली असेल, तर कृपया इथे द्यावी.